दिपाचा साखरेचा साचा

शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरची दिपा राठोड हिंगोलीच्या कॉलेजात पीएच.डी. करते. रंगाचं सांडपाणी उन्हात साफ करणारी जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी तिला बनवायची होती, तीही आतून बारीक भोकाभोकांची.

सिलिकाच्या सच्छिद्र साच्यात तिनं जस्ताच्या क्षाराचं पाणी मुरवलं, भट्टीत तापवलं आणि साचा काढायला सगळं कॉस्टिक सोड्यात टाकलं. साचा विरघळला. पाठोपाठ भुकटीही! तीन महिन्यांची मेहनत गेली. महिनाभरात संशोधन समितीला भुकटी दाखवली नाही, तर पीएच.डी.ची नोंदणीच रद्द होणार होती.

"जस्तही कॉस्टिकात विरघळतं, हे मी आधी बघायला हवं होतं, सर. चूक माझी," तिनं मार्गदर्शक अनिरुद्ध सरांना सरळ सांगून टाकलं.

घरी आई, पारुबाई, हसली. "तीन महिने शिजवून पाणीच केलंस व्हय?"

"याडी, गप बस ना!"

त्या दिवशी घरात भोग होता. पारुबाईनं गोवरीच्या विस्तवावर तूप-लापशी वाहिली, हात जोडले. दिपाचे डोळे मात्र कडेच्या विझल्या गोवरीवर. शेणातलं गवत जळून गेलं होतं, पण काडीकाडीची भोकं राखेत जशीच्या तशी!

"देवाकडं बघ की! राखंकडं काय बघून राहिली?"

"याडी, साचा धुवायचाच काहून? जाळायचा!"

भगवंतानं दाखवलं खरं, पण बघणारे डोळे तिचे.

सिलिका जळत नाही, म्हणून तिनं आधी जळणारा साचा घडवला: सिलिकात साखरेचं पाणी मुरवून त्याचा कोळसा केला. कोळशाला कॉस्टिक काही करत नाही. फक्त सिलिका गेली, सच्छिद्र कोळसा उरला. त्यात जस्ताचं पाणी मुरवून कोळसा जाळून टाकायला तिनं भट्टी अगदी सावकाश चढवली, घाई केली असती तर भोकं ढासळली असती.

भट्टीचं दार उघडलं, तर भुकटी पिवळी.

"बिघडली वाटतं," सर पुटपुटले.

"थांबा सर. जस्ताचं ऑक्साइड गरम असलं की पिवळंच दिसतं."

आता ती पुरती शिकून आली होती. निवता निवता भुकटी पांढरीशुभ्र झाली. नांदेडच्या यंत्रानं भोकं मोजून दिली, समितीनं नोंदणी कायम ठेवली.

"मग झालं का एकदाचं?" पारुबाईनं विचारलं.

"न्हाई याडी. रंगाचं पाणी साफ होतं का, ते उद्यापासून बघायचं."