ओलं पोतं

भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये आमच्या घरामागं टिनाचं शेड आहे. अर्ध्यात माहं लाकूड, अर्ध्यात बायकोची माती. ती माठ घडवून त्यावर वेलपत्ती कोरायची, मी तीच वेल तिवईच्या पायांवर काढायचो. गिऱ्हाईक माठ-तिवई जोडीनं घेऊन जायचं. लोक म्हणत, काय जोडपं आहे! जोडपं कायचं, रोजची कटकट. लाकडाले कोरडं पाहिजे, मातीले ओलं.

"तुह्या पाण्यानं माही फळी फुगली ना!"

"अन् तुमच्या पंख्यानं माहा माठ तडकला, त्याचं काय? घाम आला तं मरत नाही माणूस."

माती थोडी ओली असते तोवरच कोरता येते. वाळली की संपलं. तिले दवाखान्यात नेलं तेव्हा एक मोठा माठ अर्धाच कोरून झाला होता. ऑटोत बसता बसता म्हणाली, "त्याच्यावरचं पोतं ओलं ठेवजा. मी आली की बाकीचं करीन."

आली नाही. आणावी लागली.

तेरवीच्या दिवशीही मी सकाळी उठून पोत्यावर पाणी मारलं. मग मारतच राहिलो. भिलाईच्या उन्हात पोतं तासाभरात कडक होते, म्हणून दुपारीही उठायचो. गुडघे दुखत. रंधा हातात घ्यायची इच्छा राहिली नव्हती, पण बादली उचलायचो. खरं सांगतो, कधी कधी तिचाच राग यायचा. काय काम लावून गेली!

पोरगी वैशाली नगरला राहते. एका दुपारी डबा घेऊन आली अन् दारातच थांबली.

"बाबा, कावून पाणी मारून राहिले? आई येणार हाये का?"

"माती वाळंल."

"वाळू द्या ना. कोण कोरणार हाये? तुम्ही?"

मी बादली उचलली. तिनं पोतं उचललं. मग हळूच म्हणाली, "हे पाहा."

माठावर हिरवट बुरशी चढली होती. पाण्यानं अन् पोतं घासून घासून वरच्या पानांच्या शिरा पुसल्या गेल्या होत्या. बोट फिरवलं तरी लागत नव्हत्या. इतके दिवस पाणी मारलं, पण पोतं उचलून पाहायची हिंमत नव्हती केली. म्हणजे मीच पुसल्या.

"आता रडू नका," पोरगी म्हणाली. स्वतः रडून राहिली होती.

पोतं तिनं बाहेर नेऊन टाकलं. मी दुसरं घातलं नाही. माठ हळूहळू वाळला, पांढरा पडला. खालची सात पानं तेवढी उरली.

"कुरुदच्या कुंभाराकडून भाजून आणू का?" तिनं विचारलं.

"नको. भट्टीत फुटला तं?"

कच्चाच ठेवला. कच्च्या मातीले पाणी लागलं की ती विरघळते. म्हणून शेडात मी आता पाणी नेत नाही. चहासुद्धा बाहेर उभं राहून पितो.