बिनमिठाची काळी चिलापी

नवऱ्यानं पहिलं ताट भिंतीवर मारलं तेव्हा मला रागापेक्षा डाळीचं वाईट वाटलं. मरमर करून केलेली डाळ होती. कडधान्यं मोजून, भाज्या चिरून पाण्यात भिजवून, उकळून, ते पाणी मोरीत ओतून मग फोडणीला टाकायच्या. मीठ जवळजवळ नाहीच. पाणीसुद्धा मापानं प्यायचं. दोन्ही किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं हे जेवण. ते मी रांधत होते आणि तो भिंतीला खायला घालत होता.

तोंडानं मी आयुष्यभर त्याला ‘अवो’ म्हटलं. लिहिताना मात्र एकेरीच येतो, आणि तो त्याच लायकीचा आहे.

मूळचा आडदांड माणूस. आमच्या अंथुर्णे गावात ऊसतोडीच्या टोळीशी एकटा भांडायला जायचा. आता दिवसाआड बारामतीला जाऊन हातात डायलिसिसच्या जाड सुया टोचून घ्यायच्या, घरी येऊन गवतासारखं जेवायचं. सगळा जोर जिभेत आणि ताटात उतरला. एकदा त्यानं पितळी पळी फेकली, ती माझ्या भुवईला लागली, टाके पडले. मी डोळ्यातलं रक्त पुसलं आणि लाटणं घेऊन त्याच्या दंडावर हाणलं. एक सांगते, तेवढ्या रागातही मी सुयांचा हात चुकवून दुसरा धरला होता.

हे सगळं मुलीनं फोनवर पाहिलं, म्हणजे माझी टाके घातलेली भुवई पाहिली. ती अमेरिकेत, लुईझियाना नावाच्या दलदलीच्या मुलखात असते. तिथले लोक खेकडे, कोळंबी, मासे असल्या तिखट मसाल्यात करतात की नाकातून पाणी यावं. त्याला केजन म्हणतात. ती म्हणाली, “आई, बाबांना तसा मासा करून घाल. पण त्या मसाल्याची बाजारातली डबी घेऊ नकोस, तिच्यात मीठ असतं. घरी कुटलास तर मिठाची गरजच नाही.”

मग मी कुटायला बसले. उन्हात कडकडीत वाळवलेला लसूण आणि कांदा, चुलीच्या धुरावर टांगलेली ब्याडगी, थोडी लवंगी, काळी मिरी. तिकडे मसाल्यात घालतात तो वाळका पाला इकडे मिळत नाही म्हणून ओवा. खलबत्त्यात त्या दिवशी मी कोणाकोणाला कुटलं ते सांगत नाही. उजनी धरणातली चिलापी मासळी भिगवणहून ताजी येते. तिला लिंबू लावायचं, मसाला दाबून चोपडायचा आणि लोखंडी तवा धुरकटेपर्यंत तापवून त्यावर आपटायची. सोबत भात, आणि ढोबळी मिरची, कांदा, कोबीचा दांडा परतून. धूर असा उठला की शेजारीण हातात पाण्याची बादली घेऊन दारात आली.

नवरा खोकला, शिव्या दिल्या, मग मासा तोंडात घातला. कपाळावर घाम आला. काटे चोखून बाजूला ठेवले आणि म्हणाला, “अमेरिकेचं तिखट बरं हाय.” त्या आठवड्यात एकही भांडं उडालं नाही.

पण आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. आणायचं काय, तर शहाळं. अंगातली गरमी जाते म्हणून. किडनीवाल्याला शहाळं म्हणजे विष, त्यातल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडतं, हे मी दारात उभी राहून घसा फोडून सांगायची. पाहुणे मान डोलवायचे आणि जाताना शहाळी खाटेखाली सरकवून जायचे. सगळ्यांत वाईट धाकटा दीर. तो वरकुट्याहून यायचा तो मोटारसायकलला घडच बांधून.

एकदा माझं डोकं फिरलं. मी कोयता घेतला, अंगणात बसले आणि त्याच्या देखत एकेक शहाळं फोडत सुटले. प्यायला फोडतात तसं नाही, वैर असल्यासारखं. पाणी मातीत चाललं होतं. दीर ओरडला, “वयनी, माझ्या भावाला उपाशी मारायला बसलीस तू. मीठ बंद, पाणी बंद, आता शहाळं बी बंद?” मी कोयता त्याच्याकडं करून म्हणाले, “भावजी, आता तुमचा नंबर हाय. निघा.” खाटेवरून नवरा हे सगळं पाहत होता. मला वाटलं, पटलं असेल.

पुढच्याच बाजारी मी मासे घेऊन आले तर खाटेखाली रिकामी शहाळी लोळत होती. नवरा भिंतीला टेकला होता. पाय हलेनात, बोलताना जीभ जड. शेजाऱ्याच्या गाडीत घालून बारामतीला नेला. वाटेत मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. ठोका पडायचा आणि मग किती वेळ पडायचाच नाही. मी त्याला शिव्या देत होते. देव आठवायला पाहिजे होता, पण तोंडात शिव्याच होत्या.

त्याला मशीनवर घेतलं. तेवढ्यात दीर आला. मी पायातली चप्पल काढली आणि दवाखान्याच्या बोळात सगळ्यांसमोर त्याला बडवलं, खांद्यावर, पाठीवर, तोंडावर. तो हात वर न करता मार खात राहिला. शेवटी वॉचमननं मला धरलं. दीर एवढंच म्हणाला, “वयनी, आधी त्याला विचार.”

संध्याकाळी नवऱ्याला बोलता यायला लागलं. मी विचारलं. तो छताकडं बघत म्हणाला, “मीच फोन केला व्हता. तू बाजारात गेल्यावर घेऊन ये म्हणालो. त्यो नको म्हणत व्हता, मी भावाची आण घातली.”

“मरायचं व्हतं तुमाला?”

“न्हाय. मरायचा काय इचार न्हवता. पर रोज तुझ्या हातनं मोजून खायाचा कंटाळा आला. मीठ तू ठरीवती, पाणी तू ठरीवती, भांडण बी तूच जिकती. एक गोष्ट मला माझ्या मनानं करायची व्हती.”

माझा हात वर गेला. नर्सनं मधेच पकडला म्हणून त्याचा गाल वाचला. बाहेर येऊन बाकावर बसले. भीती वाटत होती. औषध, सुया, मसाला सगळं माझ्या हातात होतं. त्याला जगायचं आहे की नाही, हे मात्र नव्हतं.

घरी आणल्यावर मी चिलापी धुऊन, चिरा देऊन त्याच्यापुढं ठेवली. तवा ठेवला, मसाल्याचा डबा ठेवला, आणि मिठाची बरणीही आणून ठेवली. म्हणाले, “तुमचं तुमी करा. किती काय घालायचं ते तुमीच ठरवा. मी हात लावणार न्हाय.”

जन्मात चुलीपुढं न बसलेला माणूस बसला. बोटं भाजून घेतली, तव्याला शिव्या घातल्या, मासा उलटताना अर्धा जाळात पाडला. मग त्यानं मिठाची बरणी उघडली. मी पदर तोंडात कोंबला आणि जागची हलले नाही. त्यानं आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि झाकण घट्ट लावून बरणी माझ्याकडं सरकवली.

आधी माझं ताट वाढलं, मग स्वतःचं. मासा बाहेरून कोळसा आणि आत कच्चा. मी तो चावत होते आणि रडू आवरत नव्हतं. त्यानं काटे काढून आणखी एक तुकडा माझ्या ताटात टाकला आणि म्हणाला, “उद्या धूर जरा कमी करतो.”