घाटावरची चौथी ओळ

आमच्या गावाला इतिहास आहे, असं इथले लोक पानाची पिंक टाकता टाकता सांगतात, आणि ती पिंक बहुतेक वेळा इतिहासावरच पडते. वाईच्या खाली, कृष्णेच्या वळणावर हे गाव. बघण्यासारखं म्हणाल तर एक वेस, एक दीपमाळ आणि एक घाट. बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले. तेव्हा वेशीच्या आडोशाला पुरुष लघवीला बसत, दीपमाळेला शेण्या थापलेल्या असत आणि म्हशींचं शेण तुडवल्याशिवाय घाटावरून पाण्यापर्यंत जाता येत नसे. मला किळस यायची. अजूनही येते.

या सगळ्याचा इतिहास लिहायला एकच माणूस बसला होता, आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर. वही भरत आली होती. अडलं होतं ते घाटावर आडव्या पडलेल्या एका वीरगळापाशी. लढाईत पडलेल्या कुणाची तरी ती शिळा. वर घोडेस्वार कोरलेला, तळाशी चार ओळी. तीन ओळी मास्तरांनी पूर्वीच वाचल्या होत्या. चौथी गाळात होती. ती उकरून मोकळी केली तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. असली जुनी अक्षरं लावणं गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्या ओळीत त्या माणसाचं नाव असणार, असं मास्तर म्हणत, आणि नावाशिवाय वही पुरी करायला ते तयार नव्हते.

नेमक्या त्याच शिळेवर बायका धुणी बडवत. साबण आणि सोड्याचा बुळबुळीत थर अक्षरांत बसलेला, वर कुणाचे तरी केस चिकटलेले. मी सांगायला गेले तर एकजण हातातलं लुगडं बडवणं न थांबवता म्हणाली, "आवं बाई, दगूड हाय त्यो. झिजंल न्हाईतर काय करंल?"

मास्तर ऑपरेशनला मिरजेला निघाले. तिथून सांगलीला मुलीकडे विश्रांतीला राहणार होते. निघताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत तेवढी ओळ सांभाळा."

या लोकांना सांगून कळत नाही, धाक घातला की कळतं, असं माझं मत होतं. एका भर दुपारी घाटावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी तेलात कालवलेला शेंदूर घोडेस्वाराला फासला. फक्त वरच्या बाजूला, ओळींना धक्का न लावता. दोन जास्वंदी ठेवल्या आणि हात पदराखाली घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवसापासून धुणी बंद. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

आठवड्यात नारळ फुटायला लागले. दर शनिवारी तेलाच्या धारा, त्यावर माश्या, आंबलेला दहीभात आणि तो चाटणारी कुत्री. घोडेस्वाराचं तोंड शेंदराखाली गडप झालं आणि त्याला चांदीचे डोळे बसले. मी दोनदा जाऊन तळाच्या ओळी पुसून आले. मग सुट्टीत माहेरी, कुंडलला गेले. परतले तर पलटणीतून पेन्शनीत आलेल्या एका गृहस्थाने शिळा उभी करून सिमेंटच्या चौथऱ्यात पक्की बसवली होती. तळाचा हातभर भाग आत गेला होता.

मास्तर जाड भिंगांचा चष्मा लावून आले ते थेट घाटावर. मी बरोबर होते. ते चौथऱ्याभोवती वाकून दोनदा फिरले आणि म्हणाले, "ओळ आत आहे. हे फोडावं लागेल."

पलटणवाल्याने हात जोडले. "मास्तर, तुमी म्हनाल ते करू. पर देवाला छिन्नी लावायची न्हाई. लय जागृत हाय."

"पहिला शेंदूर कुणी लावला?"

"कुनी न्हाई," ती लुगडं बडवणारी बाई म्हणाली. "आपोआप आला त्यो अंगावर."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. असल्या अडाणीपणापुढे काय बोलायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. गावाची सगळी घाण माझ्या तोंडात आल्यासारखं झालं, पण मी ते उघडलं नाही. चांगली शिकलेली बाई मी. पायरीवरच्या शेणाकडे बघत उभी राहिले.

पंधरवड्याने त्यांनी वही माझ्याकडे दिली, छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायला. घाटाच्या प्रकरणाखाली नवीन वाक्य होतं: 'कुणा अडाण्याने शेंदूर फासल्यामुळे चौथी ओळ गेली. वीराचे नाव कळत नाही.' मी ते वळणदार अक्षरात, एक शब्दही न बदलता, उतरवून दिलं.