आम्ही आणि आपण

माझी ताई एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी राहून घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि म्हणायची, "लाव गं रेडिओ." रेडिओ म्हणजे तिची लेक, माझी भाची. शाळेतून आल्यावर तिची टकळी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. ताईला तेवढंच सुख होतं. भावोजी गेल्यावर त्या परमुलखात मराठी बोलणारी आम्ही घरातली तीनच माणसं उरलो होतो.

मग शाळेची भाषा पोरीच्या तोंडात बसली आणि घरची जरा सरकली. शाळेच्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' यांना एकच शब्द. तिनं सरसकट 'आम्ही' लावून टाकलं. "आई, आम्ही जेवायचं का?" ताई हसायची, "जेवा हो तुम्ही! मी बसते हवा खात." मीही आगीत तेल ओतायचो. ती "आम्ही बागेत जाऊया" म्हणाली की मी म्हणायचो, "या जाऊन, आल्यावर फोटो दाखवा." चेष्टा कौतुकाचीच होती. पण पोर मोठी होत होती, आणि एक दिवस ताट सरकवून उठली. "मला येत नाही तुमची भाषा!" 'तुमची' हा शब्द मात्र तिनं अगदी बरोबर वापरला.

त्यानंतर रेडिओ बंद पडला. काहीही विचारा, हो, नाही, माहीत नाही. मैत्रिणींशी मात्र फोनवर तासन्‌तास खिदळायची. ताई दाराशी कपड्यांच्या घड्या घालत ते ऐकायची, एक अक्षर न कळता. "काय बोलते रे एवढं?" मला विचारायची. मी काहीबाही सांगायचो. राग यायचा, पण कुणावर काढणार? शाळेतल्या बाईंवर काढावा, तर त्यांनी पोरीला वर्गात पहिली आणली होती.

अशीच वर्षं गेली. ताई आजारी पडली तेव्हा भाची नोकरीला लागली होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांचं बोलणं आईला समजावून सांगायचं काम तिच्याकडे आलं. तोंड उघडावंच लागलं. आधी चाचपडत, मग सवयीनं. एकदा पाहतो तर औषधं राहिली बाजूला आणि बाईसाहेब ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवतायत. ताईचा चेहरा काय सांगू! धडधाकट असतानाही ती इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. घरी न्या म्हणाले. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशी ओली झाली होती.

"मला इथेच ठेवून जाणार का रे तुम्ही?"

"कोण म्हणालं असं?"

"तीच म्हणाली. डॉक्टरांनी परवानगी दिली, आम्ही उद्या घरी जाऊ. मी म्हटलं, जा बाळा, दमली असशील."

हसावं की रडावं मला कळेना. "अगं वेडे, 'आपण' म्हणायचं होतं तिला! तूही येणार आहेस घरी."

ताईनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग हसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"थांब, बोलावतो कार्टीला. चांगले कान उपटतो," म्हणत मी उठलो.

तिनं माझा हात घट्ट धरला.

"नको. तिला यातलं काही कळू देऊ नकोस. पुन्हा गप्प बसली, तर तिला बोलती करायला मी आता वेळ कुठून आणू?"