माझं शोभेचं नाक

मला वास येत नाही. सर्दीमुळे नव्हे, जन्मापासूनच. मोगरा असो की नासलेलं दूध, माझ्या नाकाला दोन्ही सारखंच. तिखट, आंबट, खारट जिभेला कळतं; बाकी घास मऊ की कुरकुरीत, एवढंच. मी सात वर्षांची असताना हे आईच्या लक्षात आलं आणि तिने माझ्या रोजच्या प्रार्थनेला एक वाक्य जोडलं, "आणि प्रभू, माझ्या नाकाला वास येऊ दे." लग्न होऊन नगरला सासरी गेले तरी ते वाक्य मी रोज म्हणत होते.

सासरी हे सांगायचं नाही, अशी आईची ताकीद होती. व्हायचं तेच झालं. घरी जेवायला आलेल्या पाळकसाहेबांना मी आंबलेलं वरण वाढलं. बिचाऱ्यांनी दोन घास गिळलेही. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे नाक काय शोभेला लावलंय?" मी रडत रडत खरं काय ते सांगून टाकलं. त्यानंतर त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत, पण मी ठेवलेलं प्रत्येक भांडं स्वतः हुंगून बघू लागल्या. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

२००४ साली यांच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत, गेर्लिंगेनला आलो. तिसरा मजला, हिवाळा, खिडक्या बंद. सासूबाईंनी सामानात कोंबून दिलेले सुके बोंबील मी एका शनिवारी खरपूस तळले. कुरकुरीत लागतात म्हणून माझे भारी आवडते. हे कामासाठी बाहेरगावी गेले होते, त्यामुळे मला आवरणारं नाक घरात नव्हतं. अर्ध्या तासात बेल वाजली. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी सगळे जिने चढून, धापा टाकत दारात उभ्या. "काय जळतंय? जिनाभर दुर्गंधी आहे!" माझं जर्मन तेव्हा जेमतेम. "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग," म्हणत मी माफी मागत राहिले.

त्या दिवसापासून मी धसकाच घेतला. थंडीत रोज तोच एक कोट अंगावर. त्याला फोडणीचा वास लागलाय की नाही, हे मला कसं कळणार? यांना विचारावं, तर हे बहुतेक बाहेरगावी, आणि यांच्या नाकाला फोडणी सवयीचीच. बसमध्ये कुणी जागा बदलली की वाटायचं, माझ्यामुळेच. चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर एकटी बसायचे. उपासनेनंतर सगळे कॉफीला थांबायचे, मी मात्र शेवटचं गीत संपता संपता सटकायचे. देवाच्या घरातही लपून बसावं लागतं याचा मला भयंकर राग यायचा, आणि तो मी देवावरच काढायचे. एवढं एक साधं मागणं, तेही तुला जमू नये?

पुढच्या वर्षी तळमजल्यावरच्या त्याच आजींच्या पायाला जखम झाली. मधुमेहामुळे ती भरेना. रोज सकाळी नर्स येऊन पट्टी बदलून जायची. त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी, म्हणजे तिकडची केअरवोखं, आमच्याकडे होती. मी खाली फडकं मारत होते, तेवढ्यात अर्धवट उघड्या दारातून हाक आली, "जरा पाणी देता का?"

पाणी दिलं, घटकाभर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, मग रोजच जाऊ लागले. मी त्यांची सफरचंदं चिरायचे, त्या माझं जर्मन सुधारायच्या.

तीनेक आठवड्यांनी त्यांची भाची भेटायला आली. आत येताच तिने खिडकी सताड उघडली, मफलर नाकावर ओढला आणि उभ्याउभ्याच पाच मिनिटांत निघाली. आजी भिंतीकडे बघत राहिल्या.

"या जखमेला घाण वास येतो," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी बसत नाही माझ्याजवळ. तुम्ही रोज शेजारी बसता, तोंडसुद्धा वाकडं करत नाही. फार मोठं मन आहे तुमचं."

गप्प राहिले असते तर फुकटात संतपद मिळालं असतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण मी सांगून टाकलं, "मन मोठं नाही हो. मला वासच येत नाही. म्हणून तर त्या दिवशी मासळीचा तो गोंधळ झाला."

आजी हसू लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते नुसतं हसण्याचं पाणी राहिलं नाही. माझा हात धरून म्हणाल्या, "गॉट झाय डांक! देवाचे उपकार. म्हणजे तुमच्यापुढे मला लाजायला नको."

मलाही रडू आवरेना. माझं नाक धड असतं तर मीही त्या भाचीसारखी पाच मिनिटांत पळाले असते. मला माझा स्वभाव माहीत आहे.

मग मीही त्यांना माझी कोटाची भीती सांगितली. "आणा इकडे तो कोट," त्यांनी हुकूम सोडला. बाही हुंगली, कॉलर हुंगली. "साबण. फक्त साबण."

तेव्हापासून दर रविवारी चर्चला जाण्याआधी आजींपुढे माझी हजेरी लागू लागली. त्यांच्या हुंगण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एका रविवारी बाही नाकाशी धरून त्या म्हणाल्या, "आज मासळी आहे." मी तशीच वर जायला वळले.

"अहो, कुठे निघालात? प्रभूनेसुद्धा शिष्यांना मासळी भाजून खाऊ घातली होती. चर्चला जा, आणि कॉफीला थांबून या!"

गेले. पुढून तिसऱ्या बाकावर, माणसांमध्ये बसले. प्रार्थनेत आजींच्या पायासाठी मागितलं, यांच्या कामासाठी मागितलं, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मागितलं. मग कॉफीलाही थांबले. घरी परतताना बसमध्ये एकदम आठवलं, नाकाचं वाक्य म्हणायचं राहूनच गेलं. सातव्या वर्षापासून ते एकदाही चुकलं नव्हतं.