कोरगावच्या सड्यावरचा ड्रोन

मी गोव्यातल्या साखळीचा. आमची छोटी कंपनी लहान ड्रोन शोधणारं रडार बनवते, आणि समोर आलेली वस्तू ड्रोन आहे की पक्षी, हे ठरवणारा प्रोग्रॅम माझा. हे मी लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं नसतानाही सांगत असे. घार पंख हलवते ते सावकाश, ड्रोनची पाती फिरतात गरगर; परत येणाऱ्या लहरींत हा फरक दिसतो, असं सांगताना मी हातातली पुरी फिरवून दाखवायचो.

भातकापणी झाल्यावर आम्ही चाचणीसाठी कोरगावच्या सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या कातळी पठारावर, रडार लावलं. बघायला एक पोलीस अधिकारी आणि त्यांचे दोन शिपाई आले होते. माझ्या एका सहकारिणीने आमचाच ड्रोन उडवला. पडद्यावर आलं, ‘पक्षी’. अधिकारी वर बघत म्हणाले, चार पंख्यांचा पक्षी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मी वाऱ्याला दोष दिला. झाडाचं पान हलत नव्हतं.

जेवणाच्या जरा आधी पडद्यावर अचानक ‘ड्रोन’ उमटलं. आमचा ड्रोन तर केव्हाच पेटीत गेला होता. ही वस्तू काजूच्या बागेजवळ, जमिनीलगत, एकाच जागी तरंगत होती. सकाळपासून खाली गेलेली माझी मान वर आली.

“साहेब, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय,” मी आवाज मुद्दाम खाली आणून म्हणालो.

अधिकाऱ्यांनी शिपायांना पुढे पाठवलं आणि स्वतः रडारजवळ थांबले. मी दोघांच्या मागे, वाकून चाललो. वाकायला कुणी सांगितलं नव्हतं. सहकारी पडद्यासमोर बसून फोनवर दिशा सांगत होती.

बागेच्या कडेला एका घरासमोर ताडपत्रीवर भात पसरलेलं होतं. स्टुलावर मोठा फॅन चालू होता आणि एक वयस्कर मावशी त्याच्या वाऱ्यात भात वारवत होती. कोंडा उडून एका बाजूला पडत होता. खाकी कपडे बघून तिने सूप खाली ठेवलं. आम्ही फॅनकडेच बघतोय असं पाहून विचारलं, “भात वारयतंय रे बाबा. काय जाला?”

मी तिला फॅन जरा बंद करायला सांगितलं. तिने बटण दाबलं. फोनवरून आवाज आला, “ड्रोन गेला.” फॅन पुन्हा सुरू केला. “आला.”

दोन्ही शिपाई कोंड्याकडे बघत हसू दाबत होते. मावशीला मी लहरींचं शास्त्र समजावू लागलो. तिने थोडा वेळ ऐकलं आणि मी नुसताच उभा आहे हे बघून म्हणाली, “मगे उभो किद्याक? सूप धर.”

सूप धरलं. पण मी वारा जातो त्याच बाजूला उभा राहिलो, आणि कोंडा माझ्या केसांत, कॉलरमध्ये, चष्म्यावर. तसाच परत गेलो. अधिकाऱ्यांनी माझ्या केसांतल्या कोंड्याकडे पाहिलं. जाताना एवढंच म्हणाले की यंत्र चांगलं आहे, त्याला आणखी शिकवा.

मग शिकवणं आलं. पुढचे कित्येक आठवडे मी आमोण्यापासून पेडण्यापर्यंत घरोघर जाऊन लोकांना फॅन लावायला सांगत होतो आणि रडारवर त्याची नोंद घेत होतो. आता प्रोग्रॅम फॅनला फॅन म्हणतो आणि आमच्या ड्रोनला बहुतेक वेळा ड्रोन. पंगतीत मी पुरी खातो. आई मात्र शेजारणींना सांगते की मुलगा हल्ली फॅन दुरुस्तीत आहे, आणि एक-दोघी बिघडलेले फॅन दारात ठेवूनही गेल्या आहेत.