एल्विनचे चौदा बेडूक

मेपलच्या रसाचं एक आहे, त्याला मुहूर्त लागतो. झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाला उग्र वास येतो आणि मग कितीही आटवा, पाक कुत्रासुद्धा चाटत नाही. हा मुहूर्त अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात रानबेडूक सांगतात. अंगठ्याच्या नखाएवढा प्राणी, पाठीवर फुली. हिवाळाभर पाल्याखाली दगडासारखा गोठून पडतो आणि बर्फ वितळला की तळ्याकाठी येऊन बायकोसाठी शिट्ट्या मारतो. पहिली शिट्टी ऐकली की झाडांना रसासाठी टांगलेल्या बादल्या उतरवायच्या.

चाळीस वर्षं ती शिट्टी एल्विन स्टॉडर्ड ऐकत आला होता. "वाजले," एवढंच तो म्हणायचा, आणि शेजारचा मर्लही आपल्या बादल्या उतरवायचा. गेली पाच वर्षं मात्र गंमत वेगळी होती. संध्याकाळी बायको व्हर्ना हातातलं विणकाम थांबवून खिडकीकडे बघायची, आणि मग एल्विन म्हणायचा, "वाजले." बारीक आवाज त्याला येईनासे झाले होते. याबद्दल घरात कोणी काही बोललं नव्हतं.

या एप्रिलात व्हर्ना मुलीच्या बाळंतपणाला गेली.

"काय म्हाताऱ्या, वाजले का?" मर्लनं कुंपणावरून विचारलं.

"अजून नाही."

"कान साफ कर की जरा!"

मर्लला येऊन ऐकायला सांगता आलं असतं, पण मग वर्षभर गावच्या दुकानात दुसरा विषय निघाला नसता. काहिलीत रस उकळत होता. एक दिवस उशीर झाला, तर सगळा पाक वाया जाणार होता.

एल्विननं गमबूट चढवले, बॅटरी घेतली आणि दिवस मावळताना घरामागच्या तळ्याकाठी बादली उपडी घालून बसला. पहिल्या संध्याकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी सर्दी झाली. तिसऱ्या संध्याकाळी हवा उबदार होती. बॅटरी लावून तो पाव तास हलला नाही. एका लव्हाळ्यावर एक बेडूक बसला होता. त्याचा गळा डोक्याहून मोठा फुगला, फुगा झाला, बसला, परत फुगला. आवाज काहीच नाही. शेजारच्या काडीवर दुसरा. सत्तर वर्षं या तळ्याशेजारी काढून एल्विननं बेडकाला गाताना कधी बघितलंच नव्हतं.

घरी येऊन त्यानं फोन लावला.

"वाजले," तो म्हणाला.

"अगं बाई! कधी?"

"आत्ताच दिसले."



"दिसले?"

एल्विननं खिडकी उघडून फोन बाहेर धरला, मग परत कानाला लावला. "खात्री करून सांग. उद्या सकाळी सगळ्या बादल्या उतरवायच्या आहेत."

"वाजतायत रे," व्हर्ना म्हणाली. "मी आले की कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"बादल्या धुऊन झाल्या की."

"पुष्कळ आहेत वाटतं या वर्षी."

"चौदा," एल्विन म्हणाला. "मोजलेत मी."